समुद्रावरून कोरडी आलेली चटई

मित्रांनो, सेबू शहरातल्या या दोन खोल्यांच्या घरात दाराआड डोकावलात, तर झाडूशेजारी गुंडाळून उभी केलेली एक जुनी चटई दिसेल. ती मी. माझे काठ उसवले आहेत, रंग कधीच उडाला आहे आणि एका कोपऱ्यात मुंग्यांनी बिऱ्हाड थाटले आहे. माझ्याकडे आता कोणी फारसे बघत नाही. तरीही तुम्ही घटकाभर बसणार असाल, तर माझी कहाणी सांगते.

माझा जन्म समार बेटावरचा. तिथल्या पाणथळ जमिनीत उगवणाऱ्या गवताची मी लेक. आमच्याकडच्या बायका ते गवत उन्हात वाळवतात, रंगवतात आणि मग गुहेच्या गारव्यात बसून विणतात, कारण उन्हात विणले तर काडी तडकते. मला विणणारी आसुन्स्योन ही मोठी फटकळ बाई होती. तिच्या भाचीच्या लग्नासाठी तिने मला विणायला घेतले होते. "नवरा म्हणे कोळी आहे," ती शेजारणीला म्हणाली होती, "म्हणजे अंथरूण सदा ओलंच राहणार. घट्ट विणते." आणि खरोखरच तिने मला इतके घट्ट विणले, की पुढे कित्येक वर्षे माझी एक काडी हलली नाही.

ती भाची म्हणजे बेलेन, आणि तो कोळी म्हणजे ताक्यो. लग्नानंतर मी त्यांच्याबरोबर कालिनाओला गेले. लहानशा बेटावरचे ते लहानसे गाव. बांबूची जमीन, झावळ्यांचे छप्पर आणि दारातून चार पावले टाकली की समुद्र. ताक्यो पहाटे होडी घेऊन जाई आणि परत आला की पाण्यात एक बुडी मारल्याशिवाय घरात पाऊल ठेवत नसे. मग तसाच निथळत माझ्यावर येऊन पसरे. बेलेन ओरडे, "अहो, चटई कुजेल!" तो म्हणे, "कुजू दे. तुझी मावशी दुसरी विणेल." त्याच्या अंगाचे खारे पाणी माझ्यात मुरत असे. ते माझे सुखाचे दिवस होते. त्यांची लेक जोव्हेलिन माझ्यावरच जन्मली आणि माझ्यावरच रांगायला शिकली.

मग कालिनाओच्या पांढऱ्या वाळूचा बोलबाला झाला. परदेशी माणसे येऊ लागली आणि त्यांच्यामागून किनारा विकत घेणारे आले. ताक्योची झोपडी ज्या जागेवर होती तिचा कागद भलत्याच माणसाच्या नावावर निघाला. भांडायला पैसा नव्हता. जोव्हेलिनला सेबूत कपडे शिवायच्या कारखान्यात काम मिळाले, तशी तिघेही शहरात आली. इथे फोमची गादी आली आणि माझी रवानगी दाराआड झाली. मला वाईट वाटले, पण ताक्योच्या मानाने माझे दुःख काहीच नव्हते. तो दिवसभर खिडकीशी बसून समोरच्या घराची भिंत बघत राही. त्यातच त्याला साखरेचा आजार जडला आणि पायाच्या अंगठ्याजवळ एक जखम झाली. ती काही केल्या भरेना.

त्याला एकच ध्यास होता. एकदा कालिनाओला जायचे आणि आपल्या पाण्यात बुडी मारायची. दरवर्षी बेत ठरे आणि दरवर्षी मोडे. कधी पाऊस आडवा येई, कधी औषधांचा खर्च. शेवटी एका वर्षी जोव्हेलिनने मनावर घेतले.

"पवित्र आठवड्यात गुरुवार-शुक्रवार सुट्टी आहे," ती जेवताना बापाला म्हणाली. "शनिवारी दुपारी कामावर हजर राहायचं. एरवी रजा घेतली तर पगार कापतात. पण ताताय, तिथल्या खोल्या आपल्या आवाक्यातल्या नाहीत हं. भाडं ऐकूनच घाम फुटला मला."

"माझ्याच गावात मी भाड्यानं राहू?" ताक्यो म्हणाला. "वाळूवर झोपू. चटई आहे की!"

त्या एका वाक्याने माझ्या अंगावर जणू ऊन पडले. इतक्या वर्षांत माझी आठवण काढणारा तो एकटाच.

बेलेनने मात्र घास खाली ठेवला. "माझं ऐका दोघं. गुरुवारी काय डुंबायचं ते डुंबून घ्या. पायाला प्लॅस्टिकची पिशवी बांधून देईन. पण गुड फ्रायडेला पाण्याला शिवायचं नाही. ईस्टरची घंटा होईपर्यंत नाही म्हणजे नाही."

"अगं, गुरुवारी दुपारीच पोचतोय आपण, नानाय," जोव्हेलिन आईला म्हणाली. "अख्खी दुपार ताताय पाण्यात म्हशीसारखा पडून राहू दे."

"म्हशीला निदान बायको अडवत नाही," ताक्यो म्हणाला, आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात हसू ऐकू आले.

मग काटकसरीचा सपाटा सुरू झाला. बाहेर जेवायचे नाही म्हणून बेलेनने माडाच्या पातीच्या पुड्या विणून त्यात भात शिजवला, सुके मासे तळून डब्यात भरले, नारळाच्या दुधातली कंदांची खीर बाटलीत ओतली. सामानासाठी हमाल नको, म्हणून सगळे तीन पिशव्यांत कोंबले. बोटीची तिकिटे आधी काढून देणारा एक दुकानदार गल्लीतच होता. तो वर थोडे पैसे घेई. जोव्हेलिन म्हणाली, "त्याला कशाला फुकटचे द्यायचे? पहाटे धक्क्यावर जाऊन रांगेत उभी राहते की मी." बेलेननेही मान डोलावली. गरिबाच्या घरी असा वाचवलेला पैसा सगळ्यांनाच शहाणपणाचा वाटतो. मलाही तसाच वाटला होता.

गुरुवारी उजाडायच्या आत आम्ही धक्क्यावर पोचलो, आणि बघतो तर अवघे सेबू तिथे लोटलेले. पवित्र आठवड्याला जो तो आपापल्या गावी निघतो, हे तिघांनाही ठाऊक होते. पण मुलीने काढलेला बेत बापाला पटला होता आणि बापाचा खुललेला चेहरा बघून आईनेही शंका काढली नव्हती. सकाळची बोट आमच्या डोळ्यांसमोर भरली आणि गेली. खिडकीतल्या माणसाने हात हलवला. "संपली तिकिटं! दुपारी बघा." दुपारची बोटही तशीच गेली. ताक्यो धक्क्याच्या तापलेल्या सिमेंटवर, माझ्यावर, पाय लांब करून बसून होता. दर थोड्या वेळाने तो विचारी, "मिळालं का गं?" आणि जोव्हेलिन दुसरीकडे बघत म्हणे, "मिळेल, ताताय." तिच्या डोळ्यांत पाणी आले होते, पण रांग सोडून रडायलाही तिला सवड नव्हती.

तिकिटे मिळाली ती रात्रीच्या बोटीची. कालिनाओच्या वाळूवर ताक्योने मला पसरले तेव्हा शुक्रवार उजाडला होता.

मित्रांनो, तो समुद्र तसाच होता. आमच्या झोपडीच्या जागी तीन मजली हॉटेल उभे होते आणि त्याचा पहारेकरी आम्हाला "इथून जरा पलीकडे बसा" म्हणून गेला, पण पाणी तेच होते. ताक्योने सदऱ्याची बटणे काढायला सुरुवात केली.

"आज नाही," बेलेन म्हणाली.

"बेलेन, उद्या पहाटे बोट आहे."

"ठाऊक आहे."

जोव्हेलिन मध्ये पडली. "नानाय, तिकडं बघ ना, सगळी पोरं उड्या मारतायत. कुणाला काही झालंय का?"

"त्यांचे पाय धड आहेत," बेलेनचा आवाज चढला. "आज देव मेलेला असतो, पोरी. आज झालेली जखम भरत नाही आणि आधीची चिघळते. या माणसाचा अंगठा बघितलास ना? आज वर कोणी नाहीये त्याच्याकडे बघायला. मी एकटी आहे."

जोव्हेलिन खाली मान घालून पातीच्या पुड्या सोडू लागली. ताक्योने बटणे पुन्हा लावली. भात खाल्ला, खीर खाल्ली, "गोड झालीय" म्हणाला. मग त्याने मला ओढत ओढत पाण्याच्या जवळ नेले. इतके जवळ, की एखादी लाट जोराने आली असती तर माझा काठ भिजला असता. पण ओहोटी लागली होती. आम्ही पुढे सरकायचो आणि पाणी मागे जायचे.

दुपारी तीनच्या सुमारास, देवाने प्राण सोडला त्या घटकेला, बेलेनने जपमाळ काढली. ती माझ्या एका टोकाला बसली आणि तिने डोळे मिटले. तिचा जप एरवी भराभरा उरकायचा. त्या दिवशी तो संपता संपेना. एक माळ झाली, दुसरी झाली, तरी तिने डोळे उघडले नाहीत.

जोव्हेलिन बापाच्या कानाशी लागली. "ताताय, चल. मी धरते तुला. तिला कळायचंही नाही."

ताक्योने पाण्याकडे पाहिले. मग बायकोकडे पाहिले. तिचे ओठ हलत होते आणि माळ बोटांतून सरकत होती.

"नको," तो म्हणाला. "नंतर पाय दुखला ना, तर वर्षभर झोपायची नाही ती. पुढच्या वेळी येऊ. तिकिटं मात्र आधी काढ हं बाय."

त्याने ओल्या वाळूत हात खुपसला आणि बराच वेळ तसाच ठेवला. रात्री तिघेही माझ्यावर आडवी झाली. ताक्यो उघड्या डोळ्यांनी पडून होता. पहाटेच्या बोटीने आम्ही निघालो. घरी आल्यावर बेलेनने मला झटकले, तेव्हा थोडी कोरडी वाळू तेवढी खाली पडली.

पुढची वेळ आलीच नाही. इतके जपूनही पाय चिघळला. आधी अंगठा काढला, मग पाऊल. पावसाळा संपायच्या आत ताक्यो गेला. त्याचा देह घरात ठेवला होता त्या रात्री प्रार्थना म्हणणाऱ्या बायकांसाठी मला पसरले होते. सगळे उठून गेले आणि मी पुन्हा दाराआड आले. तिथेच ओल धरली, तिथेच मुंग्या लागल्या. मला उन्हात घालावे असे कुणाच्या मनात आले नाही. त्यांच्या मनात तेव्हा काय होते हे मला ठाऊक असल्यामुळे मी रुसले नाही.

परवा जोव्हेलिन बोटीची तिकिटे घेऊन आली. गल्लीतल्या त्याच दुकानदाराकडून, कितीतरी आधी काढलेली. "नानाय, ईस्टर होऊन गेल्यावरची आहेत. रजा टाकलीय. पगार कापला तर कापू दे. आपण दोघी जाऊ, तातायसाठी बुडी मारून येऊ."

बेलेनने तिकिटे हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. मग म्हणाली, "त्या दिवशी मी जप करत नव्हते गं."

"म्हणजे?"

"जाऊ नका म्हणायला माझी जीभ धजली, जा म्हणायला नाही धजली. म्हणून डोळे मिटून बसले. म्हटलं, माझी पाठ वळली की हा जाईल. होडी घेऊ नका म्हटलं की घ्यायचा, दारू नको म्हटलं की प्यायचा. जन्मात कधी माझं ऐकलं नाही त्यानं. मी आपली माळ ओढत्येय, ओढत्येय आणि पाण्याचा आवाज कधी होतोय म्हणून कान देऊन बसलेय. डोळे उघडले तर हा आपला चटईवर. कोरडा." तिने झग्याच्या बाहीने डोळे पुसले. "मेल्यानं नेमकं त्याच दिवशी ऐकलं."

जोव्हेलिनने आईच्या हातातली तिकिटे घेऊन सरळ केली. बाप तेव्हा काय म्हणाला होता हे तिने आजवर आईला सांगितलेले नाही. मला तर सांगता येत नाही.

मित्रांनो, मी गवताची चटई. माझे मागणे मोठे नाही. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी कोपऱ्यात उभी असेल, तर अधूनमधून तिला ऊन दाखवा, मुंग्या झटका, कधीतरी तिच्यावर पाठ टेका. आणि घरातले म्हातारे माणूस कशासाठी तरी झुरत असेल, तर स्वस्तातला दिवस शोधत बसू नका. त्याला 'जा' म्हणायचे मनात आले, तर डोळे मिटू नका. तोंडाने म्हणा. त्याला ऐकू जाईल असे म्हणा.