उपवासाची शेगडी

डॉक्टरांनी रुपरावच्या दंडावर पट्टा पुन्हा आवळला, फुगा दाबला आणि पाऱ्याकडे असं पाहिलं, जणू पाराच खोटं बोलत होता. मग हवा सोडली. त्या सुस्काऱ्यात त्यांचा स्वतःचाही एक मिसळला.

“उतरत नाही,” ते म्हणाले. “दिवाळीपासून गोळ्या चालू आहेत आणि रक्तदाब जिथल्या तिथे.”

रुपरावनं बाही खाली केली. खापरखेड्याच्या वीजघरात बॉयलरवर उभा राहणारा हा गडी. त्यानं एक हाक मारली की कोळशाच्या वाघिणी भीतीनंच रिकाम्या होत, असं कॉलनीत सांगत. गोळ्या सुरू झाल्यापासून मात्र तो बसल्या जागी पेंगे, नाक कायम चोंदलेलं असे आणि घरातल्या मांजरीनंही त्याला भिणं सोडून दिलं होतं.

धंतोलीच्या त्या दवाखान्यात त्याच्या एका बाजूला बायको पंचफुला बसली होती. दुसऱ्या बाजूला थोरली बहीण देवकाबाई, डोळे मिटून माळ ओढत.

“गोळी वाढवावी लागेल,” डॉक्टर म्हणाले. “ही जड असते. झोप आणखी येईल. पण असंच चाललं तर एक दिवस डोक्यातली शीर फुटेल, आणि मग अर्धं अंग हलायचं नाही.”

“डॉक्टरसायेब, यायले आणखी झोप आली तं उठवाचं कोनं?” पंचफुला म्हणाली.

“घरात खारट काही चोरून खातात का?”

“चोराले घरात काही ठेवलंच नाही जी.”

ते खरं होतं. नवऱ्याला मोह नको म्हणून तिनं सगळ्या घराचंच वरण अळणी केलं होतं. स्वतःही तेच गिळत होती. तिच्या जिभेला आता भाकरी आणि भिंतीचा चुना यांत फारसा फरक कळत नसे. भूक लागली की जेवणाच्या विचारानंच ती दमून जाई.

“मीठ म्हणजे नुसतं मीठ नाही, बाई,” डॉक्टरांचा सूर रोजच्या पाठासारखा होता. “पापड, लोणचं, शेवेतला सोडा, काळं मीठ, सैंधव. सगळं एकच. गोळी ते बाहेर काढते आणि तुम्ही पुन्हा आत घालता. मग गोळीनं करावं काय? सांगा, यातलं काय खातात?”

पंचफुलाच्या हातातली पिशवी घसरली.

देवकाबाईच्या उपवासांना आठवडा पुरत नसे. सोमवार, गुरुवार, शनिवार झाले की ती चतुर्थी, एकादशी आणि प्रदोषाकडून उसने दिवस आणी. ती नेमकी कधी जेवते हे बघायला देवांनाही पंचांग उघडावं लागत असणार. तिची शेगडी वेगळी, भांडी वेगळी आणि डब्यात सैंधव. त्या शेगडीपाशी कुणी मीठ शब्द नुसता काढला तरी ती डोळे वटारी. “मीठ नाही म्हनाचं. उपास मोडते.” त्यामुळं उपवासाचं ते बिनमिठाचं, यावर घरात कुणाचंच दुमत नव्हतं.

आणि त्या शेगडीवरची निम्मी भगर, निम्मी दाण्याची आमटी रुपरावची असे. आई गेली तेव्हा तो रांगत होता. देवकाबाईनं त्याला आपल्या घासातला घास देऊन वाढवलं. पुढं कपाळ पांढरं करून ती याच घरी परतली. घर भावाचं, चूल भावजयीची. तिची म्हणावी अशी ती एक शेगडीच. दिवाळीपासून तर ती वाटी आणखी भरून येऊ लागली, आणि पंचफुला स्वतःच्या हातानं ती नवऱ्यापुढं ठेवत आली होती. खा, हे तुम्हाले चालते, असं म्हणून.

तिनं नणंदेकडं पाहिलं. डोळे मिटलेले. माळ चालूच होती.

“मीच टाकत होती,” पंचफुला म्हणाली. “वरनात. चिमूटभर. यायचं तोंड पाहवत नव्हतं.”

डॉक्टरांनी चष्मा काढला आणि तिला असं झापलं की बाहेर बसलेले पेशंट क्षणभर आपापली दुखणी विसरले. गोळी मात्र त्यांनी वाढवली नाही. खरोखरचं अळणी खाऊ घाला, मग पुढच्या महिन्यात बघू, म्हणाले.

एसटीत बसताच देवकाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला.

“नवऱ्याले मीठ चारते! अवं, वैरीन तरी बरी. पोराच्या जिवावर उठली हे!”

पंचफुला खिडकीबाहेर बघत राहिली. कामठीला उतरायचे लोक गोष्ट संपत नाही म्हणून उतरेनात. कंडक्टरनं तिकिटं फाडणं थांबवून मान हलवली.

“बाई,” रुपरावनं कसाबसा डोळा उघडला, “पन वरन तं निरं अळनी पानी रायते वं, मले तं कधी—”

पंचफुलाची टाच त्याच्या पायाच्या बोटांवर बसली. तो पुन्हा पेंगू लागला.

दुसरा दिवस सोमवारचा. भाकरी थापता थापता पंचफुला मनात खोटं जुळवत होती. वाटी आता बंद करायची, पण काय सांगून? नवस बोलले म्हणावं? भगरीनं पित्त होतं म्हणावं? प्रत्येक खोटं देवकाबाईच्या पहिल्याच प्रश्नाला कोसळणार होतं. पलीकडं शेगडीवर आमटी उकळत होती आणि देवकाबाई भिंतीवरून शेजारच्या सिंधूताईला कालची कथा सांगत होती. कालच्या चिमटीची आज मूठ झाली होती.

“मूठभर वं, सिंधू! रोज मूठभर!”

मग ती वळली. भगर काढली, तिच्यावर आमटी ओतली. वाटी घेऊन चुलीपाशी आली. पंचफुलानं पिठाचे हात पुसले, घसा साफ केला.

“बाई, मी काय म्हनत होती—”

“घे. तू खा.”

“अन् यायचं?”

“त्याले तुह्याकडचंच दे. अळनी.”

पंचफुला बघत राहिली. देवकाबाई मात्र चुलीतल्या लाकडाकडं बघत होती. वाटी पुढं तशीच धरलेली.

पंचफुलानं ती घेतली. पहिला घास तोंडात गेला आणि जीभ, गाल, कानशिलं सगळी एकदम जागी झाली. तिनं लगेच दुसरा घास भरला.

“मीठ बराबर हाय का वं?” देवकाबाईनं हळूच विचारलं.

पंचफुलानं भरल्या तोंडानं नुसती मान हलवली.

देवकाबाईनं पदर खोचला आणि ती परत भिंतीकडं गेली.

“तं काय सांगत होती मी, सिंधू,” तिचा आवाज पुन्हा कॉलनीभर झाला. “आमच्या हिच्या हाताले अंदाजच नाही...”