दाढीवाली पुतळी

दागिन्यांच्या डागडुजीत माझी बावीस वर्षं गेली, त्यातली नऊ आखातात, दोहा शहरातल्या अल नस्रमधल्या एका दुकानात. आपला हात भराभर चालतो याचा मला भारी माज. त्या माजानंच घात केला.

हमिदाखाला माझ्याच राजापूरच्या. रमजानच्या आधी त्या आपल्या आईची पुतळ्यांची माळ घेऊन आल्या. अकरा पुतळ्या, त्यातली एक निराळी. जाड, आणि वर लांब दाढीचा म्हातारा. आई त्याला दाढीवाले बाबा म्हणायची, पण तो कोण हे तिला मरेपर्यंत कळलं नाही. त्याचा काठ मानेला टोचतो, जरा घासून दे, एवढंच खालांचं काम. काठालगत अक्षरं होती. मला ती दिसली होती. पण गिऱ्हाइकं खोळंबलेली, विचारत कोण बसतो. मी कानस फिरवली. दोन मिनिटांत काठ गुळगुळीत झाला, आणि कीस इतरांच्या किसाबरोबर केव्हाच वितळला.

ईदनंतर त्यांच्या नातीनं, अलीजानं, शाळेच्या प्रोजेक्टसाठी ती पुतळी एका जाणकाराला दाखवली. काल दोघी दुकानात आल्या, खालांचा चेहरा उतरलेला. नाणं रोमचं निघालं, अठराशे वर्षांपूर्वीचं. दाढी आणि नाण्याच्या मागच्या बाजूची, ताऱ्याकडे हात उचललेली बाई पाहून जाणकार म्हणाले, बहुतेक पर्टिनॅक्स. सत्त्याऐंशी दिवसांचा बादशहा, त्याच्याच शिपायांनी मारलेला. पण तेव्हाच्या बादशहांच्या दाढ्या सारख्याच, नाव उरलं असतं तर पक्कं सांगता आलं असतं.

"सत्त्याऐंशीच दिवस मिळाले बिचाऱ्याला," खाला म्हणाल्या, "आणि मी ईदेला ईदेला रिठ्यानं घासून त्याचं नावपण घालवलं. आईला आता काय तोंड दाखवू?"

"इट्स ओके, नानी," अलीजा म्हणाली.

गप्प राहिलो असतो तर कुणाला कळलं नसतं. क्षणभर राहिलोही, त्याचीच जास्त लाज वाटते.

"खाला, रिठ्यानं सोनं झिजत नाही," मी म्हणालो. "कानशीनं झिजतं. नाव होतं तिथे. मी घासलं."

खालांनी टेबलावरच्या कानशीकडे बघितलं. मग माळ उचलून गळ्यात घातली आणि सवयीनं त्या पुतळीखाली बोट सरकवलं. टोचण्यासारखं तिथे काही उरलं नव्हतं.