कोरड्या विहिरींपुढची रेघ

"सही करणार नाही म्हणजे नाही, साहेब." मोजणीबाईंनी अहवाल टेबलावर परत सरकवला.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुढच्या तीस वर्षांत कुठे किती दुष्काळ पडेल, याचा तो अहवाल पाच वाजता वर जायचा होता. नकाशात जिथे लाल, तिथे नवी पाइपलाइन. आणि बाईंचा सगळा भाग दिसत होता हिरवागार! एकतीस वर्षं दर महिन्याला एकशेबारा विहिरींत पाणी मोजायला टेप सोडणाऱ्या बाईला हे पटावं तरी कसं?

"अहो, पाऊस घटणार, ऊन वाढणार, हे सगळं गणितात घेतलंय," नकाशा बनवणारे संगणकवाले म्हणाले. "पण तुमच्याकडच्या विहिरींना पाणी बरं आहे. तुमचेच आकडे आहेत, बाई."

"माझे? शाळेमागची विहीर काढा बघू. गेल्या वर्षीचा मे."

त्यांनी काढली. रकाना रिकामा.

"इथे मी रेघ मारली होती."

"रेघ म्हणजे मोजलं नाही. संगणक असे रकाने सोडून देतो."

"अहो, रेघ म्हणजे पाणीच नाही! पाणी किती खोल ते लिहायचं, आणि पाणीच नसेल तर काय लिहू, माझं कपाळ?" बाईंचा आवाज चढला. "म्हणजे मेलेल्यांना वगळून गावाची तब्येत काढलीत की तुम्ही!"

खरंच तसं झालं होतं. विहिरी आटत गेल्या, गणितातून गळत गेल्या, आणि उरलेल्यांची सरासरी छान दिसत राहिली.

"पुढच्या वेळी दुरुस्त करू," साहेब म्हणाले.

"तोवर पाइप दुसरीकडे पुरलेले असतील."

"बाई, दोन महिन्यांनी निवृत्त होताय. इतकी वर्षं चुकीच्या नोंदी केल्या असं कागदावर आलं तर चौकशी लागेल, पेन्शन अडकेल. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेताय?"

बाई घाबरल्या, खोटं कशाला बोला? घरभाडं, नवऱ्याची औषधं, सगळी भिस्त त्या पेन्शनवर. पण भीतीपेक्षा चीड मोठी निघाली. त्यांनी कोरा कागद ओढला आणि उभ्याउभ्याच लिहिलं, 'कोरड्या विहिरींपुढे मी रेघ मारत आले. चूक माझी आहे. एकही विहीर वगळू नये.' खाली ठसठशीत सही ठोकली आणि आवक खिडकीवर जाऊन शिक्का मारून आणला.

"आता लावा चौकशी."

शिक्का बसल्यावर साहेबांचाही नाइलाज झाला. संगणकवाले रेघा भरायला बसले. जिथे रेघ, तिथे विहिरीच्या तळाची खोली. बाईंना सगळ्या तोंडपाठ. नकाशा एकेका ठिपक्याने लाल होत चालला.

"ही टेकडीखालची कुणाची? अकरा उन्हाळे सलग रेघ आहे."

बाईंनी पडद्यावरच्या त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "माझ्या माहेरची. बाबांनी आणि काकांनी हाताने खणलेली."

"मग राहू द्या, नंतर भरू—"

"नंतर कशाला? अठ्ठेचाळीस फूट. अकराही लिहा."

त्यांनी लिहायला घेतलं. बाई शेजारी उभ्या राहून एकेक आकडा तपासत होत्या.