पडदा वाकडा आहे

माझ्या सासूबाई आणि समोरच्या घरातल्या काकू एकमेकींशी बोलत नसत. आता दोघीही नाहीत आणि माझे सासरेही नाहीत, म्हणून हे सांगायला हरकत नाही.

भांडणाचं कारण कुकरची रिंग. उसना नेलेला कुकर काकूंनी रिंगेशिवाय परत केला होता. मी लग्न होऊन त्या घरात आले, तोवर त्या गोष्टीला बरीच वर्षं लोटली होती. पण अबोला असला म्हणून संबंध तुटला होता असं मुळीच नाही. अरुंद रस्त्याच्या अलीकडे आमची खिडकी, पलीकडे काकूंची. सकाळी सासूबाई भाजी निवडायला खिडकीत बसल्या की समोर काकूही आपली भाजी घेऊन हजर. मग दोघी एकमेकींकडे अजिबात न बघता दुपारपर्यंत एकमेकींवर नजर ठेवून असायच्या.

"समोरचीनं चादरी बदलल्यात. पाहुणे येणार दिसतायत," सासूबाई मला सांगायच्या. आणि पाहुणे यायचेच.

सासरे नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि घरी बसल्यावर त्यांना हा प्रकार दिसला. "उन्हानं कोचाचा रंग उडतोय. खिडकीला गुंडाळायचा पडदा लावू," त्यांनी जाहीर केलं. खरं कारण त्यांनी मला हळूच सांगितलं, "त्या बाईच्या पहाऱ्यात मला पेपर वाचता येत नाही गं."

दुकानात आम्ही तिघंही गेलो. सासऱ्यांनी जाड राखाडी कापड निवडलं. सासूबाईंनी ते उजेडासमोर धरून पाहिलं.

"ह्यातून बाहेरचं दिसतं का हो?"

"छे हो, मावशी! मुंगीसुद्धा दिसणार नाही," दुकानदार अभिमानानं म्हणाला.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात सासूबाई उसळल्या. "अगं, उद्या ती तिकडे पडली-झडली तर मला कळायचं कसं?"

"मग बोला ना त्यांच्याशी," मी म्हटलं.

"मी? आधी? तिच्या घरी जाऊन? रिंग हरवली तिनं आणि पायऱ्या चढू मी?"

पडदा सासऱ्यांनी स्वतः बसवला. आधी कागदावर आकृती काढली. चौकट वर, मधे आणि खाली अशी तीनदा मोजली. भिंतीला भोकं पाडली, ब्रॅकेट ठोकले, पडद्याच्या नळीवर सरळपणा तपासायची लेव्हल ठेवली. आतला बुडबुडा बरोबर मधोमध. "सबंध आयुष्यात मी एक रेघ वाकडी काढली नाही," ते म्हणाले. मी स्टूल धरून उभी होते, मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे साखळी ओढून पडदा वर करायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या, "राहू दे खाली."

"अगं, तुलाच नको होता ना?"

"आता आवडला."

दिवा लावून, बंद पडद्यामागे, त्या मटार सोलत बसल्या. सासरे आत गेल्यावर मला डोळा मारला. "बघू तिच्यात किती दम आहे."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. मला न्हाणीघराच्या झरोक्याशी हेर म्हणून उभं केलं होतं.

"काय करतेय?"

"उभ्या आहेत."

"कुठे बघतेय?"

"आपल्याच खिडकीकडे."

"मान ताणून?"

"चांगलीच."

सासूबाईंनी एक मटार तोंडात टाकला.

थोड्या वेळानं बेल वाजली. सासऱ्यांनी दार उघडलं. दारात काकू! घरातल्याच चपला, श्वास वर चढलेला. "सगळे बरे आहेत ना हो? दोन दिवस पडदा बंद, मला मेलीला वाटलं..." तेवढ्यात त्यांना कोचावर धडधाकट बसलेल्या सासूबाई दिसल्या. काकूंचा जीव भांड्यात पडला आणि लगेच पारा चढला. आपण हरलो हे त्यांच्या ध्यानात आलं.

पण त्याही काही कमी नव्हत्या. सासूबाईंकडे पाठ करून त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "ते सोडा. मी आपली सांगायला आले, भाऊजी. तुमचा पडदा वाकडा बसलाय."

"वाकडा?" सासऱ्यांना इंगळी डसली जणू. "अशक्य!"

सासूबाई शांतपणे उठल्या. "मलाही वाटतच होतं. डावी बाजू खाली आहे ना गं?"

त्या 'गं'वर काकू क्षणभर अडखळल्या. मग म्हणाल्या, "बाहेरून उजवी."

"म्हणजे तीच. पण बाहेरून पाहिल्याशिवाय नक्की कळायचं नाही."

"माझ्या खिडकीतून लख्ख दिसतं."

सासूबाईंनी पायात चपला सरकवल्या आणि दोघी रस्ता ओलांडून गेल्यासुद्धा. सासरे लेव्हल घेऊन स्टुलावर चढले.

"उजवीकडे वर!" पलीकडून काकूंची आरोळी आली.

"फार झालं! खाली घ्या!" सासूबाई ओरडल्या.

"अगं, बुडबुडा मधोमध आहे!" सासरे कळवळले.

"बुडबुडाच वाकडा असेल!" दोघी एका सुरात ओरडल्या.

मी हसू दाबत स्टूल धरून उभी. शेवटी सासऱ्यांनी स्क्रू सैल केले, ब्रॅकेट सरकवला. बुडबुडा बिचारा पळत कोपऱ्यात गेला. "आता?" त्यांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

मी पडद्याची कड उचलून पाहिलं. समोरची खिडकी रिकामी होती. आतून कपबशांचा आवाज येत होता आणि दोन बायका एकाच वेळी बोलत होत्या, एक दुसरीला वाक्य पुरं करू देत नव्हती.

"काय म्हणतायत? सरळ झाला का?" सासऱ्यांनी वरून विचारलं.

"अगदी सरळ झाला, बाबा," मी म्हटलं. "उतरा आता."