अकरा शीटचा हिशेब

बायकोसमोर दुसऱ्या बाईच्या हुशारीचे गोडवे गाऊ नयेत, एवढी साधी अक्कल रोशनला चाळिशी उलटली तरी आली नव्हती.

"गुंजननं उभ्या उभ्या हिशेब काढला," वर्ध्याहून आल्या आल्या तो सुरू झाला. "किचन, दोन कपाटं, देवघर, सगळं धरून प्लायच्या पंधरा शीट. पेन्सिलबी नाई घेतली हातात. कसं जमते बाप्पा तिले!"

वर्षाली ब्लाउजला हुक लावत होती. सुई बोटात गेली.

देवळीच्या बाहेर, पुलगाव रस्त्याकडच्या नव्या लेआउटमध्ये त्यांचं घर उभं राहिलं होतं. फरशी झाली, रंगाचा पहिला हात झाला, आता लाकूडकाम तेवढं उरलं होतं. प्लायवूड वर्ध्याच्या आर्वी नाक्यावरून घ्यायचं ठरलं आणि ते दुकान वडील गेल्यापासून गुंजन एकटी चालवत होती. रोशन कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला. सुट्टी मिळाली की स्वारी वर्ध्याला. कधी प्लायचा भाव विचारायला, कधी सनमायकाचा रंग पाहायला. कपाटाच्या मुठी पाहायला गेला त्या दिवशी तर इस्त्रीचा शर्ट घालून गेला. मुठी काय शर्ट पाहणार होत्या?

वर्षालीला गुंजनचा हेवा वाटत होता, अगदी पोटातून. लग्न झाल्यापासून ती शिवणकाम करत आली होती. साडीतून निघालेल्या वीतभर तुकड्यात ती बाहीसकट ब्लाउज बसवायची आणि बायका तोंडात बोटं घालायच्या. रोशनच्या तोंडून मात्र 'कसं जमते तुले' हे कधी निघालं नव्हतं. तिला ते ऐकायचं होतं. ते शब्द त्यानं एका दुकानदारणीला फुकटात देऊन टाकले होते.

"एका शीटचे साडेतीन हजार," ती शेवटी म्हणाली. "तिले काय, जितक्या जास्त तितका तिचा फायदा. मी काढतो हिशेब."

दुसऱ्या दिवशी ती जुनी वर्तमानपत्रं, खडू आणि कात्री घेऊन नव्या घरी गेली. लाकूडकाम करणाऱ्या नागसेन मिस्त्रीकडून प्रत्येक फळीचं, कपाटाच्या दाराच्या प्रत्येक पल्ल्याचं माप घेतलं. मग हॉलच्या फरशीवर आठ फूट बाय चार फुटाचा चौकोन खडूनं आखला. ती झाली एक शीट. मापाप्रमाणे कागद कापले आणि त्या चौकोनात मांडायला बसली. हा आडवा, तो उभा, उरलेल्या चिंधीत देवघराचा कप्पा. कपाटाचे उंच पल्ले काही केल्या बसेनात. पण शिंपिणीला त्याचं काय? कापड कमी पडलं की तुकडा जोडायचा आणि जोड दिसणार नाही अशा जागी ठेवायचा. तिनं पल्ल्यांना वरून हातभर तुकडे जोडले. कंबर मोडून गेली, पण अकरा चौकोनांत सगळं घर बसलं.

नागसेननं कागद पाहिले आणि कान खाजवला. "वहिनी, पल्ल्याले जोड म्हणजे..."

"वरून सनमायका लागन न? मंग कोणाले दिसते?"

नागसेननं कामावरून आलेल्या रोशनकडं पाहिलं. रोशननं फरशीवरच्या कागदांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "कसं जमलं व तुले हे?"

वर्षाली त्या दिवशी जमिनीवर चालतच नव्हती.

अकरा शीट गाडीतून उतरल्या, तेव्हा तिनं समोर उभं राहून मोजून घेतल्या. मग लग्नसराई आली आणि तिच्याकडं ब्लाउजांचा ढीग पडला. नव्या घरी चक्कर व्हायची ती उभ्या उभ्या. काम मात्र झकास झालं. पल्ल्यांवर जोडाची रेघसुद्धा दिसेना. नागसेनचा हात चांगला, असं ती समजली. चार शीट वाचवल्याची गोष्ट तिनं गिऱ्हाइकांना सांगितली, बाजारात सांगितली, सासूबाईंना तर तीनदा सांगितली.

वास्तूच्या पूजेला तिनं स्वतः फोन करून गुंजनला बोलावलं.

"तिले कायले?" रोशन गडबडला. "दुकान सोडून कुठं येईन थे?"

"येईन न. तिचं प्लाय आहे घरात." त्याची गडबड पाहून वर्षालीला बरं वाटलं. वाटू दे ओशाळं, ती मनात म्हणाली.

गुंजन आली. ठेंगणी, चष्म्याची, सुती कुडत्यातली साधी बाई. वर्षालीनं तिला नखशिखान्त न्याहाळलं आणि तिचा जळफळाट आणखी वाढला. रूपावर भाळला असता तर नवऱ्याला दोन शिव्या देता आल्या असत्या. हा तर अकलेवर भाळला होता.

वडाभाताची पंगत उठल्यावर ती गुंजनला हाताला धरून आतल्या खोलीत कपाटापुढं घेऊन गेली. रोशन मागोमाग आलाच.

"पाहा, अकरा शीट," वर्षाली म्हणाली. "तुम्ही पंधरा सांगतल्या होत्या. इथं वरून जोड आहे, पण शोधून दाखवा तुम्ही."

"लयच मस्त झालं, वहिनी," गुंजन म्हणाली. "मले तर नसतं जमलं."

"बाहेरून नाई दिसत. आतून दाखवतो." तिनं पल्ला उघडला. आतल्या बाजूला रंग द्यायचा राहिला होता आणि प्लाय उघडं होतं. वर्षालीनं बोट फिरवलं. वर, मग खाली. तिनं दुसरा पल्ला उघडला. खालपासून वरपर्यंत अखंड प्लाय. जोड कुठेच नव्हता.

तिनं मान वळवली तेव्हा गुंजन रोशनकडं पाहत होती आणि रोशन गुंजनकडं.

वर्षालीनं नवऱ्याला किचनमध्ये ओढलं. "किती आणल्या मागून?"

"चार."

"मले काऊन नाई सांगतलं?"

"जोडाचा पल्ला वाकते व वर्षभरात. नागसेन नाईच म्हणत होता." तो ओट्याकडं पाहत बोलत होता. "मी तुले सांगनारच होतो. पन गुंजन म्हणे, वहिनीनं एवढी मेहनत केली, तिचं मन नका मोडू. मी चुपचाप पाठवते म्हणे."

"आन थे 'कसं जमलं तुले' म्हटलं थे?"

रोशन हातानं ओटा पुसू लागला.

इतके दिवस तिला वाटत होतं की ही दोघं दुकानात बसून तिला हसत असतील. हसली असती तर भांडता आलं असतं. दोघांनी मिळून तिची कीव केली होती. एक गोष्ट दोघांनी मिळून जपली होती, तिच्यापासून, तिच्याच घरात. वर्षालीच्या अंगाची लाही लाही झाली.

"वर्षाली!" हॉलमधून सासूबाईंची, अनुसयाबाईंची हाक आली. "इकडं ये व. जयाले सांग, किती शीटमधी बसवलं तू सगळं."

ती हॉलमध्ये आली, मागोमाग रोशन. शेजारची जया, चार-दोन पाहुण्या, सगळ्या तिच्या तोंडाकडं पाहू लागल्या. दारात उभ्या गुंजननं घाईघाईनं सांगून टाकलं, "अकरा! माझाच हिशेब चुकला होता, मावशी."

किती सहज खोटं बोलली. आणि किती मायेनं. रोशननं गुंजनकडं असं पाहिलं की वर्षालीला ती नजर सहन होईना.

"पंधरा लागल्या, आई," वर्षाली मोठ्यानं म्हणाली. "गुंजनचा हिशेब बरोबर होता, माझा चुकला. चार शीट तुमच्या पोरानं मागून आणल्या, मले न सांगता."

जयानं पदर तोंडाला लावला. सासूबाईंचं तोंड उतरलं. वर्षालीचे कान तापून लाल झाले होते, उद्या साऱ्या देवळीत बोभाटा होणार होता. पण त्या दोघांनी मिळून जपावं असं आता काही उरलं नव्हतं. गुंजननं मान खाली घातली. रोशन घाबरून एकटक बायकोकडं पाहत होता.

पाहू दे, तिला वाटलं. घाबरून का होईना, माझ्याकडं तर पाहतो आहे.