तीन धोंड्यांखालचं सोनं

मी एक पहार आहे. अस्सल लोखंडाची, माणसाच्या छातीएवढी उंच. हिंगोलीतल्या एका लोहाराच्या भट्टीत मी घडले आणि ग्यानबाच्या खांद्यावरून गोरेगावच्या पलीकडच्या माळावर गेले. तिथे तेव्हा दगडाची खदान होती. खदानीच्या काठाला मजुरांच्या वीस-पंचवीस खोल्या, एक गिरणी, एक चहाचं दुकान. ग्यानबा माझ्यानं दगड उचकटायचा आणि त्याची बायको रुख्मिणीबाई खडी फोडायची.

माझ्यानं किती दगड हलले, याची गणती नाही. खड्डा मात्र एकच लक्षात राहिला.

त्यांची पहिली लेक चार महिन्यांची होऊन तापानं गेली. एवढ्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. खोल्यांच्या मागे निंबाखाली ग्यानबानं मला चालवलं. लेकराच्या हातात काळ्या मण्यांच्या मनगट्या होत्या, त्या रुख्मिणीबाईनं काढू दिल्या नाहीत. मीठ टाकलं, माती ओढली, कोल्ह्यानं उकरू नये म्हणून वर तीन धोंडे ठेवले. "माझं सोनं," एवढंच ती म्हणत राहिली.

पुढे खदान बंद पडली. माणसं गेली, खोल्यांचे पत्रे गेले, खदानीत पाणी साचलं. मी रुख्मिणीबाईबरोबर गावात आले. ग्यानबा वारला. शेळ्यांच्या वाड्यासाठी खड्डे घेता घेता मीही म्हातारी झाले आणि तिच्या बाजेशेजारी कोपऱ्यात उभी राहिले.

यंदा तिचं भान सुटत गेलं. उठता-बसता एकच बोलणं. "माझं सोनं खदानीत ऱ्हायलं रे. निंबाखाली हाय. वरी तीन धोंडे हायेत."

तिच्या नातवानं, शिवहारनं, ते ऐकलं. खदानीच्या ठेकेदारानं जाताना काहीतरी पुरलं, अशी कुजबुज गावात होतीच. शिवहारचा मेव्हणा संतराम जीप चालवतो. तो म्हणाला, "दाजी, म्हातारी डोक्यानं गेली, पण खोटं काहून बोलंल?"

शिवहारनं बायकोलाही बरोबर घेतलं. बाईमाणूस असलं की रस्त्यात कुणी विचारत नाही. राधिकानं लहानग्या लेकीला, आरोहीला, सासूपाशी ठेवलं. मला जीपमध्ये टाकलं, तेव्हा मला सगळं कळलं होतं. पण लोखंडाला तोंड कुठून आणायचं?

माळावर आता निंबाची झाडं बरीच वाढली होती. धोंडे तर जागोजाग पडलेले. त्यांनी भलत्याच झाडाखाली दुपारपर्यंत खणलं. मुरमाशिवाय काही निघालं नाही.

"दाजी, आपलं नशीबच निंबाचं," संतराम घाम पुसत म्हणाला.

ते परत निघाले. माझा जीव भांड्यात पडला. पण वरच्या अंगाला पाऊस झाला होता आणि वाटेतला ओढा दोन्ही काठ भरून चालला होता. जीप उतरेना, फोन लागेना. तिघं पुन्हा खदानीवर आले. दारं नसलेल्या खोल्यांतून वारा घुमत होता. खदानीच्या काळ्या पाण्यात काहीतरी बुडुक करून गेलं आणि राधिका नवऱ्याला चिकटली.

"पाणी उतरंपर्यंत बसून काय करायचं?" शिवहार म्हणाला. "तवर ते मागचं झाड बघू."

त्या झाडाखाली तीन धोंडे होते.

धोंडे बाजूला झाले. पहिल्या घावाला मी दगडावर घसरले, दुसऱ्या घावालाही घसरले.

"पहार बोथटली का काय?"

"पहार न्हाई दाजी, तुमचे हात बोथटले."

तिसऱ्या घावाला माती भुसभुशीत लागली. ती माती मी ओळखत होते. शिवहारनं हातानं उकरलं आणि चिमूटभर काळे मणी वर आले.

"डागिना हाय! खाली डबा असंल," संतराम म्हणाला. "हाणा, अजून दोन हात."

राधिकानं मणी तळहातावर घेतले. तिचा चेहरा उतरला. "मनगट्या हायेत ह्या. लेकराच्या."

"मग काय झालं?" शिवहार म्हणाला.

"आरोहीला मांडीवर घेऊन आजी काय म्हणती, सांगा बरं?"

शिवहारनं मला उचललेलं होतं. माझं टोक खड्ड्यावर तसंच थांबलं.

"माझं सोनं म्हणती," तो हळूच बोलला.

"मग ते हे सोनं हाय. पोरगं व्हतं का पोरगी, काय ठावं. पण तुमच्या रक्ताचं हाय."

पोरगी होती. मला सांगता आलं नाही.

"येडी झाली का तू? एवढ्या दूर येऊन..." संतराम पुढे सरकला. राधिका खड्ड्यात पाय सोडून बसली. "दादा, आता माझ्या पायावर हाण." तो पाय आपटत जीपकडे निघून गेला.

नवरा-बायकोनं मणी परत ठेवले, माती ओढली, धोंडे लावले. पुन्हा कुणी चुकून खणू नये म्हणून शिवहारनं मला उशाशी खोल रोवलं. पाणी उतरल्यावर ते गेले.

तेव्हापासून मी इथे राखणीला आहे. पण संतराम कुठेतरी बोलला असावा. काल दोन अनोळखी माणसं आली. एकानं मला हलवून पाहिलं आणि दुसऱ्याला म्हणाला, "खूण गाडून ठिवली बघ. म्हंजे जागा हीच." फावडी घेऊन येतो म्हणून ती गेली आहेत.

शिवहारनं मला राखायला ठेवलं आणि मीच वाट दाखवते आहे. या माळावर तुमच्यापैकी कुणी आधी पोचलं, तर एवढं करा. मला उपटा आणि खदानीच्या पाण्यात लोटून द्या. धोंडे इकडेतिकडे पांगवा. मी तळाशी गंजून जाईन, त्याचं काही नाही. तिच्या उशाशी मात्र कसलीच खूण राहू देऊ नका.