प्रम्बानानला जोडीनं जाऊ नये

प्रम्बानानच्या जुन्या देवळांच्या फाटकापाशी माझे पाय अडले ते अडलेच. म्हटलं, "मी नाही येत आत. तुम्ही या बघून तुमची देवळं."

"अगं मुर्नी, तिकिटं काढलीयत!" वास्कितोंनी कपाळाला हात लावला. "आणि तो शाप कुणाला? लग्नाआधी हिंडणाऱ्या पोरापोरींना. त्यांची जोडी फुटते म्हणतात. आपलं लग्न झालंय की नाही?"

हेच तर मला कळत नव्हतं ना! मौलवींसमोर निकाह झाला होता, साक्षीदार होते, सगळं होतं. पण सरकारात नोंद नाही आणि यांच्या लेकीला पत्ता नाही. पहिली बायको वारली, लेक रेत्नो सासरी सुखात आहे, तरी हा रिटायर्ड हेडमास्तर पोरीच्या नुसत्या नावानं चळाचळा कापतो. तीन वर्षं झाली, पुर्वोकेर्तोत माझ्या खाणावळीच्या मागच्या दारानं येतात आणि मागच्याच दारानं जातात. शेजारणी काय ते समजतात. म्हणून सहलीला निघतानाच मी अट घातली होती, घरी परतायच्या आत रेत्नोला फोन करून सांगायचं. आज शेवटचा दिवस होता.

"आज सांगणार ना? नक्की?"

"सांगतो गं बाई. आधी बाजारात तुला कापड घेऊ, मग जेवताना निवांत फोन लावतो. चल, ऊन चढतंय."

गेले मी. दुसरं काय करणार? आत पडलेल्या देवळांच्या दगडांचे ढीगच्या ढीग, आणि त्यांच्यावर चढून पोरंपोरी खुशाल फोटो काढत होती. त्यांना नाही भीती, आणि मी मेली चव्वेचाळीस वर्षांची घोडी, पायरीपायरीला अल्लाचं नाव घेत होते. हे तोंडाला मास्क लावून, टोपी भुवयांपर्यंत ओढून माझ्यापुढे चालत होते, जशी काही मी कुणी मागून येणारी परकी बाई. एक फोटोवाला आडवा आला. "साहेब, जोडीचा काढू?" मी डोक्यावरची ओढणी सारखी करेपर्यंत यांचं "नको, नको" म्हणून झालंसुद्धा.

बेरिंगहार्जोच्या बाजारात मात्र गडी खुलला. एवढी गर्दी, इथं कोण ओळखतंय! मास्क हनुवटीवर आला. बातिकच्या कापडांच्या दुकानात एक म्हातारी बसली होती, तिच्याशी यांची घासाघीस रंगली. "मावशी, माझ्या बायकोनं पहिल्यांदा काहीतरी मागितलंय. तिच्याकडे बघून तरी कमी करा!"

बायको! चारचौघांत, मोठ्यानं! मला इतकं बरं वाटलं की रडूच यायचं बाकी राहिलं. मी ते तपकिरी कापड यांच्याच खांद्यावर टाकलं आणि रंग बघू लागले.

"अहो, वास्कितो सर ना हे?"

माझ्या हाताखाली यांचा खांदा दगडासारखा झाला. रेत्नोचे सासूसासरे! फोटोत पाहिलेले, म्हणून मी ओळखले. सोलोहून खरेदीला आले होते.

"एकटेच आलात?" व्याह्यांनी विचारलं.

"हो, एकटाच. जरा देवळं बघायला."

विहीणबाईंची नजर माझ्या हातावर गेली. मग कापडावर. मग यांच्या तोंडावर. आता सांगतील, आता सांगतील.

"या बाई दाखवतायत मघापासून," हे म्हणाले. "फार चांगल्या आहेत."

दुकानातल्या म्हातारीनं तोंड उघडलं. मीच तिला डोळ्यांनी गप्प केलं. वाटलं, घाबरलेत, मिनिटभरात सुचेल त्यांना.

विहीणबाईंनी निळ्या रंगात आहे का विचारलं, मी काढून दिलं. "किती वर्षं आहेस गं इथं?"

"तीन वर्षं." मी यांच्याकडेच बघत होते.

"पगार बरा देतात का?"

"पगार कसला! उलट मालकालाच मी जेवायला घालते."

विहीणबाई खळखळून हसल्या, व्याही हसले. आणि हेही हसले. अगदी मनापासून, सुटल्यासारखे. अहो, तुम्ही तरी हसू नका ना!

तेवढ्यात विहीणबाईंनी सुनेला फोन लावलासुद्धा. "रेत्नो, बघ कोण भेटलंय!" आणि फोन यांच्या हातात दिला. पडद्यावर लेकीचा हसरा चेहरा. "बाबा! तिकडे काय करताय एकटेच?"

एवढंच तर बोलायचं होतं. मी इथं नाही एकटा, एवढंच.

"काही नाही गं," हे म्हणाले. खांद्यावरचं कापड ओढून फोनसमोर धरलं. "तुझ्यासाठी कापड बघत होतो. आवडलं?"

"कित्ती छान!"

व्याह्यांनी यांच्या पाठीवर थाप मारली. आता जेवल्याशिवाय सोडायचं नाही म्हणाले. यांनी म्हातारीला पैसे दिले, कापड घडी करून पिशवीत घातलं आणि त्यांच्याबरोबर निघाले. माणसांच्या गर्दीत शिरता शिरता पाठीमागे हात नेऊन मला खुणावलं. थांब, आलोच.

मी बघत राहिले. टोपी दिसेनाशी झाली.

म्हातारीनं स्टूल पुढे सरकवलं. "बस गं. जेवून येतील."

"नको मावशी." मी माझी पर्स उचलली. म्हटलं, "आले की एवढं सांगा, ती बाई काम सोडून गेली."